मोंडेच्या सुटणाऱ्या गाठी

थोझामाने सत्तावीस वर्षं सरकारी प्रसूतिगृहात बाळंतपणं केली होती. त्या सत्तावीस वर्षांत आपण एकच गोष्ट शिकलो असं ती म्हणायची: जे यायचंय ते आपल्या वेळेला येतं, मधे हात घालू नये. तिच्या नवऱ्याने, मोंडेने, एकतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात रंग तपासला होता आणि तोही एकच गोष्ट शिकला होता: हात घातल्याशिवाय काहीही धड होत नाही. दोघं नोकरीत होती तोवर या दोन मतांची गाठ फक्त रविवारी पडायची, आणि तीही चर्चमध्ये, जिथे बोलता येत नाही. मग दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली.

पहिल्या तीन महिन्यांत मोंडेने फाटकाला दोनदा रंग दिला. मसाल्याच्या डब्या उंचीप्रमाणे लावल्या. मका आणि घेवडा शिजत असताना पातेल्याशी उभा राहून कालथा कोणत्या दिशेने फिरवावा ते बायकोला सांगितलं. त्या दिवशी थोझामाने कालथा त्याच्या हातात दिला आणि ती शेजारी वाथिस्वाकडे जाऊन बसली. परत आली तेव्हा पातेलं करपलं होतं आणि मोंडे खिडकीचे गज मोजत होता.

सप्टेंबरात, तिथल्या वसंताच्या सुरुवातीला, लुसिकिसिकी गावाहून तिच्या भावाने दरवर्षीसारखी वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून गांजाची बी पाठवली. थोझामा दरवर्षी मागच्या अंगणात एखादं झाड लावायची. आपल्या घरात, आपल्यापुरतं, रस्त्यावरून दिसणार नाही असं लावलं तर आता कायदा काही बोलत नाही. फुलं वाळवून, खोबरेल तेलात मंद आचेवर ठेवून, मेण घालून ती गुडघ्यांसाठी मलम करायची. चर्चच्या महिला मंडळातल्या अर्ध्या बायका ते मलम लावत होत्या आणि त्यात काय आहे हे कोणीही विचारत नव्हतं. मंडळाची अध्यक्ष म्हणजे हीच शेजारीण वाथिस्वा. तिने तर रिकामी बाटली परत देताना धुऊन, पुसून, वर लेबल लावून दिली होती: सर्दीचं औषध.

इतकी वर्षं मोंडेने त्या झाडाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. यंदा त्याने पुडी उघडून बी मोजली.

"मामज्वारा," तो म्हणाला. तिचं माहेरचं कूळ ज्वारा, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी तो तिला कुळाच्याच नावाने हाक मारायचा. तीही त्याला त्याच्या कुळावरून टोलो म्हणायची. "मामज्वारा, हे झाड तू वाढवतेस की आपलं आपण वाढतं?"

"आपलं आपण वाढतं. म्हणून तर बरं वाढतं."

"काय बरं? वर एक लठ्ठ शेंडा आणि खाली सगळी उपाशी पोरं. खालच्या फांद्यांना ऊन लागतं कुठे?" त्याने फोन पुढे केला. त्यात एक दाढीवाला माणूस कुंडीतलं झाड हळूहळू वाकवून दोरीने बांधत होता. "हे बघ. कापायचं नाही, तोडायचं नाही. नुसतं रोज थोडं थोडं वाकवायचं. शेंडा आडवा झाला की बाजूच्या फांद्यांना वाटतं, आता आपणच शेंडा. सगळ्या वर येतात. सगळ्यांना सारखं ऊन."

"म्हणजे घरात कर्ता कोणीच राहत नाही."

"सगळेच कर्ते होतात."

"आपल्या चर्चच्या बांधकाम समितीसारखं. छप्पर अजून व्हायचंय."

मोंडेने फोन खिशात टाकला. "पैज लावतेस? एक झाड तुझं, एक माझं. तुझं देव वाढवेल, माझं मी वाढवीन. एप्रिलमध्ये वाळवून वजन करू. हरेल त्याने पूर्ण हिवाळा सकाळी सहाला उठून चहा करायचा आणि पलंगावर आणून द्यायचा."

क्वाझाकेलेमध्ये, त्यांच्या वस्तीत, जुलैतल्या ऐन हिवाळ्यात सकाळी सहा वाजता फरशीवर पाय ठेवणं म्हणजे काय असतं ते थोझामाच्या गुडघ्यांना माहीत होतं. ती म्हणाली, "साखर दोन चमचे. लक्षात ठेव, तुलाच घालायची आहे."

सहा बिया लावल्या, पाच उगवल्या. एकच माती, सारख्याच रंगाच्या बादल्या, मापून पाणी. यावर दोघांचं एकमत होतं, नाहीतर पैजेला अर्थ काय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोपं गुडघ्याला लागली तेव्हा थोझामाने वाचायचा चष्मा लावला, एकेक रोप पेराशी धरून पाहिलं आणि प्रसूतिगृहात ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात सांगितलं, "मुलगा. मुलगी. मुलगा. मुलगा. मुलगी."

"खात्री आहे?" मोंडेने विचारलं.

"टोलो, मी हजारो पाहिलेत. एकदाही चुकले नाही."

"ते बाहेर आल्यावर पाहिलेस."

तरी त्याने भिंग आणून स्वतः तपासलं, आणि तीच यादी पुन्हा आपल्या शब्दांत सांगितली, जणू शोध त्याचाच. मुलगे उपटून टाकले, कारण मुलगा जवळ असला की मुली फुलायचं सोडून बिया धरतात. उरल्या दोघी. नाणं उडवलं. डावीकडची थोझामाला आली, उजवीकडची मोंडेला.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आली तेव्हा मोंडेच्या बादलीच्या कडेला बारा भोकं पाडलेली होती, घड्याळाच्या आकड्यांसारखी. झाडाचा शेंडा तीनच्या भोकाकडे वाकवलेला होता, मऊ पांढऱ्या पट्टीने बांधलेला. कुठेही खोड दुमडलं नव्हतं, साल सोलली नव्हती. खांद्यावर हात ठेवून एखाद्याला खाली बसवावं तसं बसवलं होतं. काम सुबक होतं हे तिला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. मग तिने पट्टी जवळून पाहिली.

"हे माझे लांब मोजे आहेत."

"दोरीने साल कापली जाते," मोंडे म्हणाला. "मऊ काहीतरी लागतं."

"नोकरीतले आहेत. मी जपून ठेवले होते."

"कशासाठी?"

थोझामाने बाजाराची पिशवी खाली आपटली.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मोंडे कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांबरोबर उमराबाराबाच्या सोंगट्या खेळायला जायचा. त्या शुक्रवारी तो फाटकाबाहेर पडला आणि थोझामा चहाचा कप घेऊन अंगणात आली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तीनच्या भोकातली गाठ सोडली. मोजा सुटला. शेंडा एक क्षण तसाच राहिला, मग झोपेतून उठल्यासारखा हळूहळू वर आला. तिला फार बरं वाटलं. आपण बांधलेल्या जिवाला मोकळं केलं, असंच तिने स्वतःला सांगितलं. चहाच्या पैजेचा विचार मनात नव्हताच असंही सांगितलं, पण ते तिला स्वतःलाही फारसं पटलं नाही.

संध्याकाळी मोंडे परतला, बादलीपाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. ती खिडकीतून पाहत होती. आता ओरडेल असं तिला वाटलं. पण तो आत आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"मामज्वारा, त्याने गाठ सोडली."

"कोणी?"

"झाडाने. इतका जोर आहे त्याच्यात. साधी गाठ नाही पुरणार."

जेवताना त्याने काट्याला मोज्याची पट्टी बांधून तिला तीन प्रकारच्या गाठी दाखवल्या. कित्येक महिन्यांत तो इतका वेळ सलग बोलला नव्हता, आणि त्यातलं एकही वाक्य ती काय चुकीचं करते याबद्दल नव्हतं. थोझामाने मान डोलवत भाकरी चावली.

मंगळवारी तिने नवी गाठ सोडली. शुक्रवारी त्याच्याहून नवी. मोंडे बंदरावर जाऊन एका म्हाताऱ्या कोळ्याकडून होडी बांधायची गाठ शिकून आला. ती सोडायला तिला पंचवीस मिनिटं आणि एक विणकामाची सुई लागली. त्याने वही सुरू केली. कोणत्या तारखेला कोणती गाठ, किती दिवस टिकली, शेंडा किती वर आला. सोंगट्या खेळताना तो मित्रांना सांगू लागला की आपल्या झाडासारखं झाड पूर्व किनाऱ्यावर कोणाकडे नसेल. मित्र बघायला आले. बादलीभोवती उभे राहून पाच म्हाताऱ्यांनी गाठींवर चर्चा केली. थोझामाने त्यांना आल्याचं पेय दिलं आणि चेहरा सरळ ठेवला.

नाताळच्या आधी केव्हातरी तिला कळून चुकलं की आपण आता पैजेसाठी गाठी सोडत नाही. मोंडे सोंगट्या खेळून परतला की आधी अंगणात जायचा. गाठ सुटलेली असली की त्याची चाल बदलायची, खांदे सरळ व्हायचे. पातेल्यात काय शिजतंय याकडे त्याचं लक्षच नसायचं. एका शुक्रवारी पाऊस होता म्हणून तिने गाठ सोडली नाही, तर शनिवारी तो दिवसभर खुर्चीत बसून होता आणि संध्याकाळी त्याने तिच्या सुया आकारमानाप्रमाणे लावल्या. मंगळवारी तिने दोन गाठी सोडल्या.

तिचं स्वतःचं झाड मात्र तिला समजेनासं झालं होतं. लुसिकिसिकीची बी उंच जाते हे खरं, पण इतकी? डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते तिच्या डोक्यावरून गेलं. बारीक, लांब, सरळ, सारखं कुठेतरी जायची घाई असल्यासारखं. सूर्य यंदा वेगळा फिरतो की काय असंही तिला वाटलं, कारण रेडिओवरची मालिका संपवून अकरा वाजता ती बाहेर यायची तेव्हा बादली बरोबर अंगणातल्या अंजिराच्या झाडाच्या सावलीत असायची. ती बादली उन्हात ओढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"वाऱ्याने सरकत असेल," मोंडे म्हणायचा. या गावात वाऱ्यावर काहीही ढकललं तरी चालतं.

नाताळच्या आधीच्या मंगळवारी वाथिस्वाने कुंपणापलीकडून हाक मारली. "थोझामा, तुझ्या भिंतीवरून काहीतरी डोकावतंय."

थोझामाने वर पाहिलं. भिंत मोंडेच्या उंचीची, आणि भिंतीच्या वर वीतभर हिरवा शेंडा वाऱ्यावर डोलत होता. भिंतीपलीकडची गल्ली सरळ चर्चला जाते. रविवारी सगळं गाव तिथून जाणार.

"बघते, सिसी," ती म्हणाली. वयाने मोठ्या वाथिस्वाला ती सिसी, म्हणजे ताई, म्हणायची, आणि वाथिस्वा मोंडेला भुती, म्हणजे भाऊ.

मोंडे लगेच मोज्याची पट्टी घेऊन हजर झाला. "देतो वाकवून. एक मिनिटाचं काम आहे. दोघी बहिणी सारख्या दिसतील."

"हात लावलास तर बघ."

"मग रविवारी पाद्रीबाबांना काय सांगणार?"

थोझामाने पलंगाखालची पेटी ओढली. तासाभरात झाडावर चंदेरी झिरमिळ्या चढल्या, लाल गोळे लटकले, आणि शेंड्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी तारा बसला. झाडाचा आकार मुळातच खाली रुंद आणि वर निमुळता, त्यामुळे फार कष्ट पडले नाहीत. मोंडे मागे उभा राहून बघत होता. हसू दाबताना त्याच्या नाकातून आवाज येत होता.

रविवारी पाद्रीबाबा गल्लीतून जाताना थांबले. भिंतीवरून डोकावणाऱ्या ताऱ्याकडे पाहून त्यांनी टोपी काढली. प्रवचनात त्यांनी सांगितलं की काही घरं आपला आनंद कुंपणाच्या आत कोंडून ठेवत नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दाखवतात. थोझामा खाली मान घालून बसली. शेजारी बसलेल्या मोंडेचं बाक हलत होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वाथिस्वा मलमाची रिकामी बाटली घेऊन आली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तिने अंगणाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "थोझामा, माझं वय आता शहात्तर. नाताळनंतर हातभर वाढलेलं नाताळचं झाड मी अजून पाहिलं नव्हतं."

"आमच्याकडे सजावट उशिरा काढतात, सिसी."

"सजावट नाही वाढली. झाड वाढलंय." बाटली टेबलावर ठेवून ती निघून गेली.

आता काहीतरी करणं भाग होतं. कापायचं नाही, वाकवायचंही नाही, हा थोझामाचा शब्द. ती दोन दिवस अंगणात फिरली, एकदा झाडाकडे आणि एकदा भिंतीकडे बघत. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने मोंडेच्या पुढ्यात गरम, तळलेल्या, पावासारख्या फुगलेल्या आमाग्विन्या ठेवल्या, आत खिमा घालून, त्याला आवडतात तशा.

"टोलो, मला खताचा खड्डा हवाय. फुलांना घरचं खत घालू. दोन्ही झाडांना, सारखं."

मोंडेचं तोंड भरलेलं होतं. "किती खोल?"

"तुझ्या छातीइतका. रुंदी बादलीच्या दुप्पट. पण तुला जमेल का आता, पाठीचं काय?"

पाठीचा प्रश्न तिने मुद्दामच विचारला होता. मोंडेने दोन दिवस खणलं. भिंती ओळंब्याने सरळ केल्या, तळ पाणसळीने सपाट केला, उतरायला एक पायरी ठेवली. शुक्रवारी तो खेळायला गेला आणि थोझामाने वाथिस्वाच्या दोन भाच्यांना बोलावलं. दोघींनी बादलीला दोर लावले आणि झाड सरळ उभंच, तसंच्या तसं खड्ड्यात उतरवलं. शेंडा भिंतीच्या खाली गेला. त्या दिवशी मोंडेच्या गाठी सोडायला तिला वेळच मिळाला नाही.

मोंडे परतला, खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला आणि त्याने खाली वाकून पाहिलं.

"हे खत आहे?" त्याने विचारलं.

"नैसर्गिक वाढ आहे. झाड वाकवलं नाही. जमीन खाली नेली."

"दोन दिवस खणलं मी."

"फार सुंदर खणलंस. पायरी तर मला सुचलीच नसती."

रात्रीच्या जेवणात त्याने मीठ दोनदा मागितलं, जे समोरच होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला दिवस लहान होऊ लागले आणि दोन्ही झाडं फुलली. मोंडेचं झाड आता एखाद्या गोल टेबलासारखं पसरलं होतं. सतरा शेंडे, सगळे एका पातळीत, प्रत्येकावर मुठीएवढा तुरा. बांधून-सुटून, सुटून-बांधून खोड असं जाड झालं होतं की मोंडे त्याला मित्रांकडून हात लावून घ्यायचा. थोझामाच्या झाडाला एकच तुरा होता, पण तो तिच्या हातभर लांब. खड्ड्यातून सरळ वर उभा, मशालीसारखा. खालच्या फांद्यांना मात्र नावापुरतीच फुलं होती, मोंडे म्हणाला होता तशीच. हे तिने त्याला सांगितलं नाही. त्याला दिसत होतं.

मार्चमध्ये आठवडाभर पावसाची झड लागली. मोंडेच्या टेबलावरून वारा वाहत राहिला आणि ते कोरडं राहिलं. खड्ड्यात ओल साचली. थोझामाने एके सकाळी मोठ्या तुऱ्याचं एक पान ओढलं तर ते सहज हातात आलं. आत राखाडी बुरशी होती. तिने दवाखान्यातली जुनी कात्री उकळत्या पाण्यातून काढली आणि मधला वीतभर भाग कापून काढला. ती हे करत असताना मोंडे तिच्यामागे कंदील धरावा तशी छत्री धरून उभा होता. त्याने एकही टोमणा मारला नाही. तिला टोमणा चालला असता.

"माझ्यातलं थोडं घे," तो म्हणाला. "मलमापुरतं."

"पैज संपल्यावर बघू," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये झाडं कापली, कोठीच्या खोलीत उलटी टांगून वाळवली, पानं काढली. वजन करायला तटस्थ माणूस हवा म्हणून वाथिस्वाला बोलावलं. ती मंडळाचा लाल झगा घालून आली, कारण गुरुवार होता आणि तिथूनच तिला बैठकीला जायचं होतं. तिने स्वयंपाकघरातला काटा आधी पिठाच्या पुडीने तपासला. मोंडेला ते फार आवडलं.

"मोंडेचं झाड," तिने वाचलं, "दोनशे बासष्ट ग्रॅम."

मोंडेने वहीत लिहिलं.

"थोझामाचं, एकशे एक्याऐंशी."

मोंडेने तेही लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पेन्सिल कानावर खोचली. "दोन चमचे साखर," तो बायकोला म्हणाला. "आणि कप गरम करून घ्यायचा आधी."

"बुरशीचं धरलं नाहीये यात," थोझामा म्हणाली.

"बुरशीचा चहा नाही मागत मी."

वाथिस्वा खुर्चीवर बसली. तिने काटा बाजूला सरकवला. "निकाल मी द्यायचा आहे ना? मग मला देऊ द्या की."

थोझामाने खुर्ची पुढे ओढली.

"माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तुमच्या अंगणावर उघडते," वाथिस्वा म्हणाली. "मी रोज पहाटे पाचला प्रार्थनेला उठते. भुती मोंडे, नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत रोज पहाटे मी एका माणसाला घरातल्या सपाता घालून शेजारची बादली अंजिराच्या सावलीत ढकलताना पाहिलंय. तो माणूस परत जाताना पायाने मातीवरची खूणही पुसायचा."

थोझामाने नवऱ्याकडे वळून पाहिलं. मोंडे वहीतल्या रेघेकडे बघत होता.

"वारा," थोझामा म्हणाली. "वारा म्हणत होतास तू."

"सावलीत उपाशी राहील असं वाटलं होतं," तो पुटपुटला. "ते उन्हाच्या शोधात वरच वर पळत सुटेल हे कुठे ठाऊक होतं."

"म्हणजे ते भिंतीवर चढलं ते तुझ्यामुळे. मी तारा लावला, पाद्रीबाबांचं प्रवचन ऐकलं, खड्डा खणून घेतला..."

"खड्डा मीच खणलाय."

"आणि थोझामा," वाथिस्वा त्याच आवाजात पुढे म्हणाली, "दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एक बाई विणकामाची सुई घेऊन गाठी सोडायची. एकदा तर दातांनी सोडली."

आता मोंडे वळला. कानावरची पेन्सिल काढली, वही मागे चाळली, पहिल्या पानापासून एकेक तारीख पाहत गेला. मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. तो बराच वेळ वाचत होता आणि थोझामाला पहिल्यांदाच भीती वाटली. पैजेची नव्हे. ते पाच म्हातारे, बंदरावरचा कोळी, पूर्व किनाऱ्यावर कोणाकडे नसलेलं झाड, हे सगळं त्याच्या हातातून आपण काढून घेतलं असं तिला वाटलं.

मोंडेने वही मिटली. "होडीची गाठ," तो म्हणाला. "ती कशी सोडलीस?"

"सुईने. पंचवीस मिनिटं लागली."

"कोळी म्हणाला होता, ती माणसाच्यानेही सुटत नाही." मग त्याच्या नाकातून तोच तारा लावतानाचा आवाज आला, आणि यावेळी त्याने तो दाबला नाही. हसता हसता त्याने डोळे पुसले. "पंचवीस मिनिटं, मामज्वारा. माझ्या मित्रांना हे सांगू नकोस."

"निकाल," वाथिस्वा उभी राहत म्हणाली. "रोज लबाडी केली त्याने रोज चहा करावा. आठवड्यातून दोनदा केली तिने दोनदा करावा. मंगळवार-शुक्रवार थोझामा, बाकीचे पाच दिवस मोंडे. गुरुवारी एक कप कुंपणावरून माझ्याकडे येईल, कारण मी सगळं पाहून गप्प बसले." तिने टेबलावरच्या दोन्ही ढिगांकडे पाहिलं. "आणि मलम या वर्षी दोघांचं मिसळून करा. सर्दी फार आहे."

जून उजाडला. मोंडे पाच दिवस सहाला उठायचा, कप गरम करून घ्यायचा, तक्रार करायचा नाही. पण चहानंतर सबंध दिवस असायचा. अंगणात रिकाम्या बादल्या पालथ्या पडलेल्या. खड्डा बुजवून झाला होता, एका सकाळीच. सोंगट्यांच्या दिवशी तो जायचा, इतर दिवशी मागच्या पायरीवर बसून भिंतीकडे बघायचा. एकदा थोझामाने त्याला विचारलं, काय बघतोस, तर तो म्हणाला, काही नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं तर त्याने तिच्या मसाल्याच्या डब्या पुन्हा बाहेर काढल्या होत्या, यावेळी रंगाप्रमाणे लावायला.

गाठींचं खरं कारण तिने त्याला सांगितलं नव्हतं. लबाडी कबूल करणं सोपं होतं. दुसरं सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं की सबंध उन्हाळा आपल्याला कोणीतरी सांभाळत होतं, आणि ते त्याला आवडलं नसतं.

तिसऱ्या दिवशी मोंडे पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. थोझामाने खिडकीतून त्याला वळणापर्यंत जाऊ दिलं. मग ती शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढली, ओरडणाऱ्या गुडघ्यांना गप्प केलं, आणि बैठकीच्या खोलीतल्या पडद्याच्या दांडीचे उजवीकडचे दोन स्क्रू चार-चार वळसे ढिले केले. दांडी बोटभर खाली झुकली. तिने स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला आणि चूल पेटवायला गेली.

मोंडे पाव घेऊन आला. पाव अजून त्याच्या काखेत होता आणि तो दारातच थांबला, मान थोडी तिरपी करून.

"मामज्वारा," त्याने हाक मारली, आणि त्याच्या आवाजात काहीतरी ताठ झालं. "ही दांडी किती दिवसांपासून अशी आहे?"

"मला तर सरळच वाटते," ती आतून म्हणाली.

"सरळ? ही?" पाव टेबलावर पडला. खण उघडल्याचा आवाज आला, मग शिडी ओढल्याचा. "थांब. हात लावू नकोस. पाणसळ कुठे आहे माझी?"